चित्राचे खरेपण

शब्बाथशाळेच्या खोलीत भिंतीवर प्रभू येशूचे एक चित्र असते. पुष्कळ मंडळ्यांतून ते आढळते. कोठे काचेच्या चौकटीत, कोठे जुन्या कॅलेंडरावरून कापून पुठ्ठ्यावर चिकटवलेले. नव्याने येऊ लागलेले एखादे मूल त्याकडे टक लावून पाहते आणि शिक्षिकेला विचारते, "बाई, येशू असाच दिसायचा का?"

प्रश्न लहान दिसतो, पण उत्तर देणे सोपे नाही. "हो" म्हणावे, तर ते खरे नव्हे. येशू कसा दिसत होता हे बाईंना ठाऊक नाही, आणि ज्याने ते चित्र काढले त्यालाही ठाऊक नव्हते. "नाही" म्हणावे, तर मूल लगेच विचारील, "मग ते लावलं कशाला?" म्हणून बहुधा "आता गप्प बसून गोष्ट ऐक" असे सांगून वेळ मारून नेली जाते. आम्हांस वाटते, हा प्रश्न टाळू नये. चित्रांचा विषय निघाला की आपल्या लोकांस लगेच दुसरी आज्ञा आठवते. परंतु त्या मुलाचा प्रश्न दुसऱ्या आज्ञेविषयी नसून नवव्या आज्ञेविषयी आहे. 'चित्राची पूजा करावी काय?' हे ते विचारीत नाही. 'हे चित्र खरी साक्ष देते काय?' एवढेच ते विचारते. चित्र खरे आहे असे आपण केव्हा म्हणू शकतो, याचा विचार या लेखात करू.

प्रथम पवित्र शास्त्र काय सांगते ते पाहू. चारही शुभवर्तमानांत प्रभूच्या चेहऱ्याचे वर्णन नाही. तो प्रवासाने थकून विहिरीजवळ बसला, तारवात उशाशी डोके टेकून झोपला, लाजाराच्या कबरेजवळ रडला, त्याच्या अंगरख्याला शिवण नव्हती, हे सारे शुभवर्तमानकार सांगतात. पण त्याची उंची, वर्ण, केस, डोळे यांविषयी एक अक्षरही नाही. उलट, गेथशेमानेत आलेल्या शिपायांना त्याला ओळखून काढण्यासाठी यहूदाने चुंबनाची खूण ठरवून द्यावी लागली. यावरून इतके तरी दिसते की शिष्यांच्या घोळक्यात तो वेगळा उठून दिसत नसावा. यशयाच्या त्रेपन्नाव्या अध्यायातील दुःखसहन करणाऱ्या सेवकाकडे तर लोकांनी पाहावे असे रूपही नव्हते. त्याला डोळ्यांनी पाहिलेल्या माणसांनी त्याचे शब्द जपले, कृत्ये जपली, मरण आणि पुनरुत्थान यांची साक्ष दिली. चेहरा मात्र लिहून ठेवला नाही.

म्हणून प्रत्येक काळातील चित्रकाराने तो आपापल्या परीने काढला. फरात नदीच्या काठी, आजच्या सिरिया देशात, दुरा-युरोपस नावाचे नगर होते. तेथे १९३१-३२ च्या सुमारास उत्खननात ख्रिस्ती लोकांचे एक उपासनागृह सापडले. मुळात ते राहते घरच होते. त्याच्या भिंतींवर इ. स. २४० च्या आसपासची चित्रे होती; ती आता अमेरिकेतील येल विद्यापीठात आहेत. त्यांत पक्षघाती मनुष्याला बरे करणारा येशू आहे. तो तरुण आहे आणि त्याला दाढी नाही. रोमच्या भुयारी दफनभूमींतही खांद्यावर मेंढरू घेतलेला बिनदाढीचा मेंढपाळ दिसतो. लांब केस आणि दाढी असलेला जो चेहरा आज आपण पाहताक्षणी ओळखतो, तो पुढच्या शतकांत रूढ झाला. अर्थात, 'पहिल्यापासून चालत आलेला चेहरा' असा काही नाहीच.

तरीही एका चेहऱ्याने आपल्या मनात घर केले आहे. अमेरिकेतील शिकागोचे चित्रकार वॉर्नर सॉलमन यांनी १९२४ साली एका ख्रिस्ती मासिकासाठी कोळशाने ख्रिस्ताचे मस्तक रेखाटले आणि १९४० साली ते तैलरंगात पुन्हा काढले. उजळ वर्ण, मागे वळवलेले तपकिरी केस, किंचित वर लागलेली दृष्टी, मुखावर मऊ प्रकाश. दुसऱ्या महायुद्धात या चित्राच्या खिशात मावतील अशा प्रती सैनिकांना वाटल्या गेल्या. पुढे त्याच्या सर्व मिळून ५० कोटींहून अधिक प्रती निघाल्या असे सांगतात. आपल्यापैकी पुष्कळांनी ते चित्र कोणाच्या ना कोणाच्या घरी पाहिले असेल. त्या चित्राने युद्धभूमीवर आणि रुग्णशय्येवर कित्येकांना धीर दिला असेल; त्याला नावे ठेवण्याचे आम्हांस कारण नाही.

पण एकच चित्र इतक्या वेळा डोळ्यांसमोर आले की ते चित्र राहत नाही, फोटो होऊन बसते. मुलाला वाटू लागते की प्रभू असाच होता, उजळ वर्णाचा, आपल्या घरातल्या आणि गल्लीतल्या कोणासारखाही न दिसणारा. ते असे बोलून दाखवीत नाही. परंतु 'तो आपल्यातला नव्हे' ही समजूत, एकही शब्द न उच्चारता, त्याच्या मनात रुजते. शिक्षिका तोंडाने सांगत असते की प्रभू सर्वांचा आहे, आणि भिंत काही निराळेच सांगत असते.

चित्रे चेहऱ्यापुरतीच थांबत नाहीत, ती वचनातही भर घालतात. मुलांना विचारून पाहा, पूर्वेकडून आलेले मागी किती होते? उत्तर येईल, तीन. मत्तयाने संख्या दिलेली नाही. देणग्या तेवढ्या तीन सांगितल्या आहेत. एदेन बागेतील ते फळ कोणते? सफरचंद, असे उत्तर येईल. उत्पत्तीच्या पुस्तकात फळाचे नाव नाही. दिमिष्काच्या वाटेवर शौल कशावरून पडला? घोड्यावरून. प्रेषितांच्या कृत्यांत तो भूमीवर पडला एवढेच आहे; घोड्याचा उल्लेख कोठेही नाही. तो घोडा चित्रकारांनी आणला. काराव्हाज्जो या इटालियन चित्रकाराच्या, १६०१ च्या सुमाराच्या, रोममधील प्रसिद्ध चित्रात तर घोड्यानेच अर्ध्याहून अधिक जागा व्यापली आहे. चित्र अप्रतिम आहे, यात शंका नाही. पण ज्याने चित्र पाहिले आणि अध्याय वाचला नाही, त्याला घोडा हेच शास्त्र वाटते.

मग चित्रे काढूनच टाकावीत काय? धर्मसुधारणेच्या काळात हा वाद रस्त्यावर आला होता. १५२२ च्या आरंभी विटेनबर्ग येथे कार्लस्टाट याने मूर्ती व चित्रे मंदिरांतून हटवावीत असे पत्रक काढले आणि गावात मोडतोडही झाली. मार्च महिन्यात मार्टिन लूथर परत आला आणि त्याने लागोपाठ आठ दिवस प्रवचने केली. चित्रे असलीच पाहिजेत असे त्याचे म्हणणे नव्हते, ती नसली तर बरे असाच त्याचा कल होता. पण कोणी एखाद्या वस्तूचा दुरुपयोग करतो म्हणून ती वस्तूच नष्ट करू लागलो तर शिल्लक काय राहील, असा त्याचा मुद्दा होता. माणसाच्या अंतःकरणातील मूर्ती आधी वचनाने दूर झाली पाहिजे, हातोड्याने ती दूर होत नाही. त्याच वर्षी सप्टेंबरात लूथरने केलेले नव्या कराराचे जर्मन भाषांतर छापून निघाले, तेव्हा प्रकटीकरणाच्या पुस्तकासाठी लुकास क्रानाख याच्या कारखान्यातील २१ लाकडी ठशांची चित्रे त्यात घातली होती. झ्युरिखमध्ये मात्र १५२४ साली मंदिरे चित्रांपासून मोकळी करण्यात आली. कॅल्व्हिनही या बाबतीत कडक होता. तरी चित्रकला व शिल्पकला ही देवाची दाने आहेत असे त्याने लिहून ठेवले. देवाचे ऐश्वर्य डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ते चितारू नये. जे डोळ्यांना दिसते ते चितारावे, असा त्याचा दंडक होता.

शास्त्रात या वादाला धरून एक घटना आहे. अरण्यात मोशेने देवाच्या आज्ञेवरून पितळेचा सर्प करून खांबावर लावला. त्याकडे पाहून लोक वाचले. पुढे कित्येक पिढ्यांनंतर हिज्कीया राजाने तोच सर्प फोडून टाकला, कारण लोक त्याच्यापुढे धूप जाळू लागले होते. पितळ तेच आणि घडणही तीच. बदलली ती पाहणाऱ्यांची दृष्टी. अरण्यात त्या सर्पाकडे पाहणारा त्याच्यापलीकडे, देवाच्या अभिवचनाकडे पाहत होता. हिज्कीयाच्या काळी नजर पितळेवरच अडली. यावरून आम्ही असा निष्कर्ष काढतो की चित्र पलीकडे नेते की अडवून धरते, हे आधी विचारले पाहिजे.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे वळू. चित्र खरे की खोटे? आम्हांस वाटते, चित्राला फोटो समजून हा प्रश्न विचारला की उत्तर सापडत नाही. चित्र हे भाषांतरासारखे आहे. प्रभू येशू मराठी बोलला नाही. तरी विल्यम कॅरी यांनी श्रीरामपूरहून १८११ साली मराठी नवा करार छापून काढला, तेव्हापासून आपण तो मराठीत ऐकत आहोत, आणि हे त्याचे शब्द नव्हेत असे कोणी म्हणत नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी त्याला अभंगांत गायिले. गालीलात अभंग नव्हते म्हणून कोणी ते गाणे खोटे ठरवीत नाही. कान जे भाषांतर आनंदाने स्वीकारतात, ते डोळ्यांनी का नाकारावे?

येथे कोणी असा आक्षेप घेईल की भाषांतराला मूळ ग्रंथ असतो. त्याच्याशी ताडून चूक काढता येते. चेहऱ्याला मूळच उपलब्ध नाही, मग ताडायचे कशाशी? आक्षेप रास्त आहे. त्याचे उत्तर असे की चांगला चित्रकार चेहऱ्याचे भाषांतर करीत नाही, वृत्तांताचे करतो. वृत्तांत आपल्या हाती आहे. तो चेहरा कसा होता हे आपणांस ठाऊक नाही; पण तो कोणाकडे वळला, कोणाला स्पर्श केला, कोणाच्या पंक्तीला बसला, कोणाच्या हातून मेला, हे ठाऊक आहे. कुष्ठरोगी ज्यात स्वच्छ आणि गोमटे दिसतात, ते चित्र नाकडोळे कितीही सुबक असोत, चुकीचे भाषांतर होय.

या कसोटीवर आपल्याच मुलखातील एका चित्रकाराचे काम पाहावे. आंजेलो दा फोन्सेका यांचा जन्म १९०२ साली गोव्यातील सांत इस्तेव येथे झाला. शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ टागोरांच्या हाताखाली ते शिकले. पोर्तुगीज अमलातील गोव्यात परतल्यावर त्यांनी साडी नेसलेली, भारतीय चेहऱ्याची मरीया काढली. ते अनेकांना सहन झाले नाही आणि त्यांना गोवा सोडावा लागला. मग पुण्यातील ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात त्यांना आसरा मिळाला. आश्रम अँग्लिकन, चित्रकार रोमन कॅथलिक. तरीही १९६७ साली मृत्यू येईपर्यंत पुणे हीच त्यांची कर्मभूमी राहिली. त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह पुढे गोव्यात, पर्वरीच्या झेवियर सेंटर ऑफ हिस्टॉरिकल रिसर्च या संस्थेकडे आला.

त्यांच्या टीकाकारांचे म्हणणे काय होते? मरीया अशी नव्हती, हे. मरीया साडी नेसत नव्हती हे खरेच. पण युरोपातील चित्रांत ती जो निळा रेशमी झगा घालून बसते, तोही नासरेथच्या सुताराच्या घरचा नव्हे. त्या झग्याला कोणी हरकत घेतली नाही, साडीला घेतली. म्हणजे वाद खरेखोटेपणाचा नव्हता. देवाचा पुत्र कोणाच्या घरी जन्म घेऊ शकतो, हा होता. आपल्या आईसारखी दिसणारी स्त्री प्रभूची आई म्हणून पाहायला लोक तयार नव्हते. आपल्या माणसांना आपण किती कमी लेखतो हे त्या साध्या चित्राने उघडे केले.

मात्र येथे एक सावधगिरी हवी. युरोपने प्रभूला युरोपीय केले ते काही ठिकाणी भक्तीने, तर काही ठिकाणी मालकीच्या भावनेने. तीच चूक आपल्या हातूनही होऊ शकते. त्याला आपल्या पोशाखात काढणे ठीक. पण आपल्या जातीचा, आपल्या वस्तीचा, आपल्या भाषेचा म्हणून त्याला आपल्या कुंपणात घेणे ठीक नाही. सीमाभागात, किंवा इंदूर-बडोद्यासारख्या ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आपल्या मंडळ्यांना 'आपले' आणि 'परके' या शब्दांची धार ठाऊक आहे. चित्राने प्रभूला जवळ आणावे, खिशात घालू नये.

या बाबतीत रेम्ब्रांट या डच चित्रकाराकडून पुष्कळ शिकण्यासारखे आहे. १६३९ साली त्याने ॲम्स्टरडॅममध्ये घर घेतले ते यहुदी शेजार असलेल्या भागात. १६५६ साली तो कर्जात बुडाला आणि त्याच्या चीजवस्तूंची यादी करण्यात आली. त्या यादीत ख्रिस्ताच्या मस्तकाचे एक चित्र 'प्रत्यक्ष पाहून काढलेले' अशी नोंद आहे. नोंद वाचून प्रथम हसू येते. सोळाशे वर्षांपूर्वीच्या माणसाला प्रत्यक्ष पाहणार कसे? अभ्यासकांचा अंदाज असा की त्याने शेजारच्या एखाद्या यहुदी तरुणाला समोर बसवून ते मस्तक काढले असावे. रेम्ब्रांट आणि त्याच्या शिष्यांची अशी लहान मस्तकचित्रे आज निरनिराळ्या संग्रहालयांत आहेत. २०११ साली पॅरिसच्या लूव्हर येथे आणि मग अमेरिकेत त्यांचे एक मोठे प्रदर्शनही भरले होते. ख्रिस्ती युरोप शतकानुशतके यहुद्यांना तुच्छ लेखत होता. अशा काळात एका चित्रकाराने विचार केला की प्रभू यहुदी होता, तेव्हा त्याचा चेहरा शोधायचा तर शेजाऱ्याच्या चेहऱ्यातच शोधावा. त्याने काढलेला चेहरा येशूचा नव्हे. पण त्यासाठी त्याने जे केले, म्हणजे ज्याला इतर लोक टाळत होते त्याच्याकडे नीट निरखून पाहिले, ते येशूच्या शिकवणीला धरून होते.

याच चित्रकाराच्या अखेरच्या दिवसांतले उधळ्या पुत्राचे भव्य चित्र रशियातील सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात आहे. उंची अडीच मीटरांहून जास्त. त्याची छापील प्रत सहज मिळते. शिक्षकांनी ती अवश्य मिळवावी. पुत्र गुडघे टेकून बापाच्या छातीशी डोके लपवून आहे. डोके भादरलेले, एक जोडा पायातून निसटलेला, तळवा उघडा, दुसरा जोडा झिजून फाटलेला. बापाचे दोन्ही हात त्याच्या पाठीवर. उजवीकडे वडील पुत्र हात जुळवून ताठ उभा आहे. लूकाच्या पंधराव्या अध्यायाप्रमाणे तो त्या वेळी शेतात होता; चित्रकाराने त्याला तेथे आणून उभे केले. अक्षरशः पाहिले तर ही चूक आहे. पण दाखला संपतो तो वडील पुत्र आत जाईल की नाही या प्रश्नावर, आणि चित्र पाहणाऱ्यालाही तोच प्रश्न पडतो. येथे भर घातली आहे ती मूळ अर्थ उघडा करण्यासाठी. शौलाच्या घोड्याचे तसे म्हणता येत नाही. आणि आणखी एक पाहावे: या चित्रात येशूचा चेहरा मुळीच नाही. तरी यातून शुभवर्तमान कळत नाही असे कोण म्हणेल?

शेवटचे उदाहरण ग्रुनेवाल्डचे. आल्सास प्रांतात ईझेनहाइम येथे संत अँथनीच्या नावाने चालणारा मठ होता आणि त्याला जोडून रुग्णालय होते. बुरशी लागलेल्या राय धान्याची भाकरी खाऊन होणारा एक भयंकर रोग त्या काळी पसरत असे. हातपाय आग झाल्यासारखे जळत, काळे पडत, कापावे लागत. अशा रुग्णांची शुश्रूषा तेथे होई. त्या मठासाठी १५१२ ते १५१६ च्या दरम्यान ग्रुनेवाल्डने वेदीमागचे मोठे चित्र केले. ते आज फ्रान्समधील कोलमार येथील उंटरलिंडेन संग्रहालयात आहे. त्यातील वधस्तंभावरचा ख्रिस्त पाहवत नाही. सर्वांगावर काट्यांच्या जखमा, कातडी हिरवट झालेली, बोटे वेदनेने वाकलेली. रुग्णाने मान वर करून पाहिले तर त्याला आपल्यासारखेच सडू लागलेले शरीर वधस्तंभावर दिसे. सुंदर ख्रिस्त पाहून त्याला जे मिळाले नसते, ते येथे मिळत होते.

त्या चित्रात वधस्तंभाच्या एका बाजूला बाप्तिस्मा करणारा योहान उभा आहे. इतिहासदृष्ट्या हे अशक्य. वधस्तंभापूर्वीच हेरोदाने त्याचा शिरच्छेद केला होता. तरी तो तेथे आहे, एका हातात उघडे पुस्तक, आणि दुसऱ्या हाताचे लांबच लांब बोट ख्रिस्ताकडे रोखलेले. तो वाढावा आणि आपण कमी होत जावे, या अर्थाचे योहानाचे उद्गार त्याच्यामागे लिहिले आहेत. स्वित्झर्लंडचा थोर ईश्वरविज्ञानी कार्ल बार्थ याच्या लिहिण्याच्या मेजावर भिंतीला या चित्राची प्रत असे, आणि १९२० साली आराउ येथे दिलेल्या व्याख्यानातही तो या हाताविषयी बोलला होता. विशेष हे की प्रॉटेस्टंट उपासनामंदिरात चित्रे असू नयेत असेच बार्थचे मत होते. असे असून हे चित्र त्याने आयुष्यभर डोळ्यांसमोर ठेवले. आम्हांस यात विसंगती दिसत नाही. ते बोट चित्राकडे पाहा म्हणत नाही, त्याच्याकडे पाहा म्हणते. योहानाचे बोट प्रमाणाबाहेर लांब आहे, त्याचे तेथे असणे इतिहासाला सोडून आहे. पण त्याची साक्ष खरी आहे. नववी आज्ञा तेथे मोडत नाही.

आता आजच्या काळाविषयी दोन शब्द. पूर्वी एक रंगीत चित्र मिळवायला शब्बाथशाळेला वर्षाची वर्गणी जमवावी लागे. आज जगातील कोणत्याही संग्रहालयातील चित्र फोनवर पाहता येते, ही मोठीच कृपा आहे. पण त्याच फोनवर नाताळात आणि पुनरुत्थानदिनी शेकडो चित्रे येतात, आणि त्यांतली कित्येक आता यंत्राने तयार केलेली असतात. असंख्य जुन्या चित्रांवरून शिकलेले यंत्र एक तुळतुळीत, तेजस्वी चेहरा क्षणात काढून देते. यंत्राने कोणा शेजाऱ्याला समोर बसवलेले नसते, कोणा रुग्णाला पाहिलेले नसते, आणि त्याला साक्षीला उभेही करता येत नाही. मग अशा चित्राची जबाबदारी कोणाची? ते पुढे पाठवणाऱ्याची, असे आमचे मत आहे. जे आपण पाठवतो त्याची साक्ष आपण देतो.

शिक्षकबंधुभगिनींना आमची सूचना साधी आहे. आधी गोष्ट शास्त्रातून वाचावी, चित्र नंतर दाखवावे. म्हणजे वचनाला चित्राचा रंग चढणार नाही. एकाच प्रसंगाची दोनतीन देशांची, दोनतीन काळांची चित्रे दाखवावीत. म्हणजे कोणतेही एक चित्र फोटो होऊन बसणार नाही. चित्र समोर धरल्यावर थोडा वेळ कोणीच बोलू नये. मग 'आवडले का?' असे न विचारता 'काय काय दिसते?' असे विचारावे. त्यानंतर 'यातले शास्त्रात काय आहे आणि चित्रकाराने काय घातले?' हे मुलांनाच शोधू द्यावे. मागींची संख्या आणि शौलाचा घोडा ती आनंदाने पकडतील. शेवटी विचारावे, 'चित्रकाराने हे का घातले असेल?' हा प्रश्न मोठ्यांच्या शास्त्राभ्यासाच्या वर्गालाही पुरून उरेल.

आणि एखाद्या मुलाने तो पहिला प्रश्न विचारलाच, तर त्याला खरे तेच सांगावे: "तो कसा दिसायचा ते कोणालाच माहीत नाही, बाळ. त्याच्यावर प्रेम करणाऱ्या एका माणसाला तो असा वाटला. आता तू सांग, या चित्रात तो कोणाकडे बघतोय?" मूल चित्रात शोधू लागेल, आणि बाईंना खोटे बोलावे लागणार नाही.

उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात लिहिले आहे की देवाने मनुष्याला आपल्या प्रतिरूपाचा असा निर्माण केला. आपल्या हाताने कोरलेल्या प्रतिमांविषयी आज्ञा कडक आहे. पण ही एक प्रतिमा देवाने स्वतः केली आणि ती रोज आपल्या दारावरून जाते. भुकेल्याच्या, परक्याच्या, आजाऱ्याच्या रूपात आपल्याला कोणी पाहिले आणि कोणी पाहिले नाही, हे प्रभू शेवटच्या दिवशी विचारणार असल्याचे मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात आपण वाचतो. चित्र नीट पाहायला शिकणे ही चैन नव्हे, असे आम्हांस वाटते ते याचसाठी. रेम्ब्रांटच्या चित्रातील उघडा तळवा ज्याच्या लक्षात आला, त्याला उपासनेच्या वेळी मागच्या बाकावर अंग चोरून बसलेल्या माणसाचे पायही दिसू लागतील. ते दिसूनही जो जागचा हलत नाही, त्याला त्या चित्रातला वडील पुत्र अजून नीट पाहायचा आहे.